बुडाशी घातलेलं दूध

३ मे

आलो बाई एकदाचे! प्रताप नगरातल्या या घरात पाऊल टाकल्याबरोबर मी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, तर बोट स्वच्छ. कोराडीच्या कॉलनीत संसार केलेल्या बाईलाच याचं अप्रूप कळेल. तिथे सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी राखेत नाव गिरवून घ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की लेकरू आठव्या महिन्यातच जन्मलेलं आहे, छाती नाजूक आहे, राखेत नेऊ नका. म्हणून माझ्या नवऱ्यानं, हर्षितनं, हे घर भाड्यानं घेतलं. तो कोराडीच्याच वीज केंद्रात कामाला, राख तिथलीच. तिथे एक युनिट बंद ठेवून मोठी दुरुस्ती काढली आहे, त्यामुळे त्याला सुट्टी नाही. तो तिकडेच राहणार आणि जमेल तसा येणार.

लेकीचं बारसं व्हायचं आहे. इतके दिवस काचेच्या पेटीत होती, नाव कोण ठेवणार? मी तिला बुंदी म्हणते, कारण तेवढीशीच आहे. बुंदीला अजून अंगावर ओढता येत नाही. तोंड लावते, दोनदा चुटचुट करते आणि थकून झोपते. म्हणून मी दूध काढते आणि बोंडल्यानं, त्या चोचीच्या वाटीनं, पाजते. दवाखान्यातल्या मिनल सिस्टरनं सांगितलं, दूध कधी काढलं, किती निघालं ते लिहीत जा. मी म्हटलं, लिहायचंच आहे तर मनातलंही लिहीन, कारण इथे बोलायला कोण आहे? आई दोन वर्षांपूर्वी गेली. सासूबाई गावाला, सासऱ्यांना लकवा झालाय, त्यांना टाकून त्या येणार कशा?

पण घर छान आहे. खालचा मजला पूर्ण आमचा, खिडकीला वाळ्याची ताटी, नवा कूलर, मागे अंगण आणि अंगणात एक संत्र्याचं झाड. घरमालकीण शोभाताई वर एकट्या राहतात. माझ्या हातातलं बाळ पाहून त्या जिन्यावरच थांबल्या. हर्षित त्यांच्याशी 'दोघंच आहोत' एवढंच बोलला होता म्हणे. घ्या! मग त्यांनी एकच अट घातली.

"मागच्या संत्र्याला पाणी घालायचं नाही. ताणावर ठेवलंय त्याला."

मला हसूच आलं. मी काटोलची, संत्र्याच्या बागेत वाढलेली, मला ताण शिकवतात! मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं टाकतं, आणि मग पाणी दिलं की फुलांनी लगडतं. पण ताण असतो महिना-दीड महिन्याचा. हे झाड वर्षानुवर्षं कोरडं असल्यासारखं दिसतं, बुडाशी हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. जाऊ द्या, घर त्यांचं, झाड त्यांचं. मी म्हटलं, हौ, नाही घालत.

५ मे

दूध काढणं म्हणजे काय असतं हे कोणी लग्नाआधी सांगत नाही. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं शेकायचं, बोटांनी गोल गोल दाबत आणायचं, मग पंप लावायचा, आणि अर्ध्या तासानं बघायचं तर वाटीचा तळ जेमतेम ओला. डोळ्यांतून पाणी मात्र भरपूर निघतं. सिस्टरनं एक युक्ती शिकवली होती. बुंदीला उघड्या छातीवर ठेवून ओढणीनं बांधून घ्यायचं, म्हणजे आईचे हात मोकळे राहतात आणि लेकराच्या उबेनं दूध उतरतं. तसं केलं की चार थेंब जास्त येतात, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटतं. दिवसभरात माझ्या अंगाला दुसरं कोणाचं अंग लागतच नाही.

आजपासून मालिशला भागीरथाबाई येऊ लागल्या. आल्या आल्या शेगडी पेटवा म्हणाल्या. नागपूरचा मे महिना, बाहेर माणूस भाजून निघतंय आणि बाळंतिणीला शेगडीचा शेक! देवा रे. पण हात सोन्याचा आहे त्यांचा. छातीतल्या गाठी त्यांनी अशा मोकळ्या केल्या की मी बोंबलले आणि मग झोपलेच.

बोंडल्यात उरलेलं उष्टं दूध मी मोरीत ओतायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"मोरीत नको टाकू वं बाई. अंगावरचं दूध हाये ते, मोरीत गेलं का पान्हा आटते. झाडाच्या बुडाशी घालत जाय."

माझी आईही असंच काहीतरी म्हणायची, पायदळी येऊ देऊ नये म्हणून. झाड इथे एकच. शोभाताईंनी पाणी घालू नका म्हटलं होतं, दूध घालू नका असं कुठे म्हटलं? वकीलच व्हायला पाहिजे होतं मी. संत्र्याच्या बुडाशी वाटी उपडी केली आणि आत आले.

९ मे

पान्हा फुटला! खरंच फुटला. काल सकाळपासून वाट्या भरून राहिल्यात. बुंदी पिऊन पिऊन किती पिणार, उरलेलं झाकून फ्रीजमध्ये ठेवलं आणि स्वतःला बक्षीस म्हणून दोन डिंकाचे लाडू खाल्ले. भागीरथाबाई म्हणतात, झाडानं आशीर्वाद दिला.

आणि आज दुपारी लाइन गेली. कुठली तरी डीपी उडाली म्हणे, ती दिवे लागायच्या वेळेला परत आली. तोवर फ्रीजमधल्या सगळ्या वाट्या नासल्या. मी फरशीवर बसून हमसून हमसून रडले. दुकानातली पिशवी नासली तर दुसरी आणता येते, हे मी पाठ मोडून काढलेलं होतं. हर्षितला फोन लावला तर तो म्हणाला, रडतेस काय, परत काढशील नं. परत काढशील! मी काय तुमच्या प्लांटमधली मशीन आहे? फोन ठेवून दिला.

सगळ्या वाट्या झाडापाशी नेल्या. भेगांनी ते दूध ओतता ओतताच ओढून घेतलं, ओल दिसायलाही राहिली नाही. एक मात्र नवल वाटलं. या अंगणात लाडवाचा कण पडला तरी मुंग्यांची रांग लागते. इतकं दूध रोज पडतंय, पण झाडापाशी एक मुंगी नाही.

१२ मे

झाडाला फुलं आली. फुटवा नाही, पान नाही, आधी फुलंच. ओल न मिळता बहार फुटलेला मी जन्मात पाहिला नाही. दुपारभर सगळ्या खोल्यांत तोच वास. काटोलला या वासानं जीव सुखावतो. इथे मात्र जरा जास्तच होतो, तोंडात चव येईपर्यंत.

दुपारी या गल्लीत चिटपाखरू नसतं. लोक दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडलेले. मी आणि बुंदी अंधाऱ्या खोलीत, ताटीवर पाणी मारून. मोबाइलवर बोलायचं तर कोणाशी? काटोलच्या मैत्रिणी दुपारी झोपतात, हर्षित बॉयलरमध्ये. कधी कधी मी बुंदीलाच दिवसभराचं सांगते. ती डोळे मिटून ऐकते, बिचारीला दुसरा इलाज नाही.

आज शोभाताई पहिल्यांदा खाली आल्या. मला वाटलं लेकराला बघायला. त्यांनी बुंदीकडे नजरही टाकली नाही, सरळ विचारलं की झाडाला पाणी घातलं का. मी म्हटलं, एक थेंबही नाही, पाहिजे तर बुंदीची शपथ. त्या पदर छातीशी घट्ट धरून वर गेल्या. पदराखाली ब्लाउजवर ओला डाग होता. इतका घाम येतो का कोणाला, मनात म्हटलं.

१४ मे

एक विचित्र गोष्ट झाली. बाळ रडलं की आईला पान्हा दाटून येतो, हे सिस्टरनं सांगितलं होतं. कान ऐकायच्या आत छाती ऐकते, असं ती म्हणायची. आज दुपारी मी भाजी निवडत होते. एकाएकी छाती भरून आली, दोन्हीकडून धारा लागल्या, गाऊन भिजला. धावत खोलीत गेले तर बुंदी गाढ झोपलेली.

मग उभी राहून ऐकलं. कूलर चालू होता. कूलर बंद केला. अंगणातून आवाज येत होता. रडण्याचा नाही. रडून रडून आवाज बसलेलं लेकरू जसं घशातल्या घशात करतं, तसा.

मांजर असेल. उन्हानं मांजरीही कावल्यात. मी कूलर पुन्हा लावला.

भागीरथाबाईंना सांगितलं, तर त्या झाडापाशी गेल्या, वाकल्या, मातीवर तळहात ठेवला आणि पटकन काढला. माती गार हाये, एवढंच म्हणाल्या. मालिश अर्धी टाकून गेल्या.

१६ मे

भागीरथाबाई आल्या नाहीत. कालही नाही. फोन उचलत नाहीत.

बुंदीचं वजन वाढत नाहीये. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, दूध कमी आहे का. कमी? मी दुधात न्हाऊन निघतेय! पण खरं लिहायचं तर पंप लावला की येत नाही, पहिल्या दिवसासारखा वाटीचा तळ. आणि अंगणातून तो आवाज आला की धारा. बुंदीसाठी नसतं, त्याच्यासाठी असतं. हे मी काय लिहिलं?

आल्यावर तडक जिना चढले. शोभाताईंना म्हटलं, मी पाणी नाही, दूध घातलं. अंगावरचं. रोज. त्या खालीच बसल्या. मग त्यांनी सांगितलं, ते जसं सांगितलं तसं लिहिते. त्यांना पहिला मुलगा झाला होता, याच घरात, असाच मे होता. त्याला ओढता येत नव्हतं. त्यांच्या छातीत गाठी झाल्या, ताप चढला, आणि त्यांच्या सासूबाई म्हणाल्या की तापातलं दूध लेकराला विष असतं, पिळून टाक. त्या पिळून टाकत राहिल्या, आणि मुलगा भुकेनं गेला. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. तेव्हा आजूबाजूला सगळे मोकळे प्लॉट होते, सासऱ्यांनी त्याला अंगणातच पुरलं आणि वर संत्रा लावला.

"झाडाला पाणी घातलं की मला पान्हा फुटायचा. वर्षं उलटली तरी फुटायचा. म्हणून ताणावर ठेवलं त्याला. नुसत्या पाण्यानं तो कूस बदलायचा मयुरा, आणि तू त्याला दूध पाजलंस."

मी विचारलं, आता काय करू. त्या म्हणाल्या, त्याला ओढता येत नव्हतं, म्हणून तो गप्प होता. एकदा ओढायला शिकला की तो वाटीवर थांबायचा नाही.

मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. दोघी एकाच वेळी भिजलेल्या छातीवर पदर सारखा करत बसलो होतो.

१७ मे

शोभाताई सकाळीच बहिणीकडे निघून गेल्या, जिन्याला कुलूप. मला नेलं असतं तर?

हर्षितला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, झोप होत नाहीये तुझी, बाळंतिणीला असं होतं. चार दिवसांनी युनिट सुरू झालं की गाडी घेऊन येतो, तोवर धीर धर. काटोलला भावाला फोन केला, तर त्यानं हर्षितलाच फोन केला. म्हणजे आता सगळे मिळून मला झोप म्हणून राहिलेत.

झाडाला काही घालायचं नाही. उरलं तरी नाही. मागचं दार लावलं, कडी घातली, पुढे धान्याची कोठी सरकवली. ताण द्यायचा. मला येतं ते.

१९ मे

बुंदी प्यायली!! अंगावर प्यायली!!

दुपारी तिला कुशीत घेऊन आडवी झाले आणि डोळा लागला. खोलीत ताटीचा अंधार. जाग आली ती ओढण्यानंच. सिस्टरनं शिकवलं होतं अगदी तसं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी टेकलेली, आणि अशी ताकदीनं ओढ की पाठीच्या कण्यापर्यंत गेली. दुखलं नाही. मी हललेच नाही, न जाणो सोडून देईल. पडल्या पडल्या रडत होते. आई, तू असायला पाहिजे होतीस, म्हटलं, बघ तुझी नात कशी पिते. परत झोप लागली. उठले तेव्हा दोन्हीकडे रिकामं, हलकं.

आता गाठी नको, पंप नको, वाट्या नको. हर्षितला सांगितलं तर तोही रडला. बघ, म्हणाला, म्हटलं नव्हतं का.

तोंड थोडं गार लागलं तिचं. कूलरसमोर झोपतो नं आम्ही. उद्यापासून कूलर दुसरीकडे फिरवेन.

२० मे

लंगोट कोरडे आहेत.

कालपासून सगळे कोरडे. दुपारी पुन्हा प्यायली, काल प्यायली त्याहून जास्त. मग लंगोट कोरडा कसा? जे पोटात गेलं ते कुठे गेलं?

दवाखाना. वजन घटलंय. ओठ सुकलेत. डॉक्टर रागावले, की हिला दोन दिवसांत कोणी काही पाजलेलं दिसत नाही. मी म्हटलं मी पाजलं, मी स्वतः — ते सिस्टरकडे बघायला लागले. आज खाट नाही, उद्या दुपारी भरती करा. तोवर बोंडल्यानं, थोडं थोडं.

घरी येऊन चादर झटकली. मी झोपते त्या बाजूला माती होती. ओली. आणि संत्र्याचं एक फूल.

बुंदी भिंतीच्या बाजूला असते. नेहमी. आणि दुपारी ओढण्यानं जाग आली तेव्हा माझं तोंड होतं ते दाराकडे.

दाराकडे.

२१ मे

पुढच्या खोलीत बसलेय. हर्षित निघालाय, गाडी घेऊन. बुंदीला छातीशी बांधलंय ओढणीनं, सिस्टरनं शिकवलं तसं. हात मोकळे आहेत म्हणून लिहितेय, लिहिलं नाही तर डोळा लागेल. झोपायचं नाही.

मागे कोठी सरकल्याचा आवाज आला. कूलरचा असेल.

लाइन गेली. कूलर बंद. किती शांत झालं.

फुलांचा वास —

बुंदी हलली. तोंड शोधून राहिली. मी आधी हात लावून पाहिलं — गरम आहे, माझीच आहे — लावलं तिला डावीकडे. सुटलं. परत लावलं. सुटलं. परत —

धरलं. धरलंय तिनं! छोटंसं, अगदी दमादमानं, पण गिळतेय, गिळल्याचा आवाज येतोय. ही खरी. हे असं असतं होय. बुंदी गं माझी. पी. पी माय. बाबा येतच —

पान्हा दाटला. दोन्हीकडून.

उजवीकडे गार लागलं.

मी खाली बघणार नाही. डावीकडेच बघेन. बुंदी पितेय, बुंदी —

जोरात ओढतोय. याला येतं. मीच शिकवलं —

डावीकडचं कमी झालं. बुंदी ओढून राहिली आणि तिला येत नाही, सगळं तिकडेच — ती रडायला लागली, आत्ताच शिकली होती, आत्ताच — नाही रे, तिला राहू दे, थोडं तिला —

डाव्या हातानं त्याला ढकलायला गेले. त्यानं माझं बोट धरलं. इवलीशी मूठ आहे. मला ते सोडवत ना